मिलिंद, तुझा ताप कुणी लिहिला नाही

मिल्या,

तुझ्या जलदान विधीला तुझ्या मिलचा मॅनेजर आला होता. पांढरा शर्ट, हातात गुलाबाचा हार. लिंबायतच्या आपल्या गल्लीत मांडव घातला होता. वंदना झाली, आणि मग कुणीतरी त्याच्या हातात माईक दिला. तो म्हणाला, "मिलिंदभाई हमारे परिवार का आदमी था. सात साल में कभी एक शिकायत नहीं की." लोकांनी माना डोलावल्या. मला उठून तो माईक त्याच्या हातातून ओढून घ्यायचा होता. तुझ्या रेखानं माझं मनगट धरून ठेवलं होतं, म्हणून बसून राहिले.

तू तक्रार केली नाहीस, हे तो तुझं कौतुक म्हणून सांगत होता. मला नेमकं त्याच गोष्टीवरून तुझ्याशी भांडायचं आहे.

त्याच्यानंतर सुधाकर उभा राहिला. आपल्या समोरच्या खोलीतला, तुझ्याबरोबर आधीच्या मिलमध्ये होता तो. "असा बाप मी बघितला नाही," म्हणाला, "बाराशे ग्रॅमची पोरगी यानं छातीवर ठेवून जगवली." आणि रडायला लागला. हाच सुधाकर आठ वर्षांपूर्वी तुला 'मिलिंदबाई' म्हणायचा. नाक्यावर चहा पिताना सगळ्यांसमोर विचारायचा, दूध यायला लागलं का म्हणून. तू हसायचास. मी त्या दिवशी मांडवात त्याच्याकडे बघत राहिले. त्याला ते आठवतही नव्हतं. लोकांना आपण काय बोललो ते आठवत नाही, आणि तुझ्यासारखे लोक त्यांना आठवण करून देत नाहीत.

प्रज्ञाच्या जन्माची गोष्ट तू तिच्या दर वाढदिवसाला सांगायचास. केक कापून झाला की सुरू. ती गोष्ट तू चुकीची सांगायचास, मिल्या. आठ वर्षं चुकीची सांगितलीस, आणि मी आठ वर्षं ऐकून घेतली. आता सांगणारा राहिला नाही, तर मी सांगते. नीट ऐक. मध्ये बोलू नकोस.

रेखाला सातवा महिना संपत आला होता. अंगावर सूज होती, डोकं दुखत होतं, आणि मग झटके आले. तू तिला रिक्षात घालून माझ्याच हॉस्पिटलमध्ये आणलंस. तिचं ऑपरेशन झालं. ती वर आयसीयूमध्ये बेशुद्ध, आणि मुलगी खाली माझ्या नवजात वॉर्डात. बाराशे ग्रॅम. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसायच्या. अशा बाळाच्या अंगावर चरबीच नसते. ते थंड पडायला लागलं की त्याची सगळी ताकद स्वतःला गरम ठेवण्यात जाते. दूध पचवायला उरत नाही, श्वास घ्यायलाही उरत नाही. आमच्या वॉर्डात वरून ऊब देणारी मशीनं होती, वॉर्मर म्हणतो आम्ही त्यांना. पण बाळं जास्त आणि मशीनं कमी. त्या दिवशी एकेका वॉर्मरवर दोन-दोन बाळं होती. तुझ्या मुलीच्या शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा होता, तो सारखा पाय झाडत होता.

सकाळी दहाला तू वॉर्डाच्या दाराशी आलास. पाळी अर्धी टाकून आला होतास. तेव्हा तू रंगखात्यात होतास. हात कोपरापर्यंत राणी रंगाचे, नखांच्या कडा निळ्याकाळ्या. दाराबाहेरच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. त्यात एक बाई खुर्चीत रेलून बसलेली, आणि तिच्या छातीवर पदराच्या आत टोपी घातलेलं उघडं बाळ. खाली गुजरातीत लिहिलेलं, आईच्या अंगाच्या उबेनं लहान बाळ जगतं. तू ते दोनदा वाचलंस. मग मला हाक मारलीस.

"ताई, हे मी केलं तर चालेल का?"

"वेडा आहेस का. ते आईचं काम आहे."

"आई तर वर बेशुद्ध शे."

"मग मशीन आहे ना. बाहेर बस."

तू बाहेर बाकावर जाऊन बसलास.

आता ऐक. मला माहीत होतं. त्याच्या दोनच महिने आधी आम्हा नर्सेसना तीन दिवस शिकवलं होतं, कांगारू मदर केअर. आई नसेल तर बाप बसू शकतो, आजी बसू शकते, आत्या, मावशी, कुणीही निरोगी माणूस. त्याच्या कातडीला बाळाची कातडी लागली पाहिजे, एवढंच. मी वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षा घेतली त्यात मला सगळ्यांत जास्त मार्क होते.

आणि मी तुला बाहेर बसवलं, कारण मला तुझी लाज वाटली. वॉर्डात सगळ्या बायका, माझ्याबरोबरच्या सगळ्या सिस्टर, आणि माझा भाऊ रंगलेल्या हातांनी, शर्ट काढून त्यांच्यामध्ये बसणार. आमची हेड सिस्टर आधीच म्हणायची की मराठी लोक वॉर्डात गर्दी करतात. मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. दुसरं काहीही कारण नव्हतं. मी तेव्हा स्वतःला दहा कारणं दिली, इन्फेक्शन होईल, रंग लागेल, पुरुषाला जमणार नाही. ती सगळी नंतर जोडलेली.

दोनला मी तिच्या पावलाला हात लावला. गार. पोटाला हात लावला, तेही गार. बाळाचा ताप मोजणारी वॉर्मरची तार तिच्या अंगावरून सुटून उबेखाली पडली होती, म्हणून मशीनला बाळ गरमच वाटत होतं; त्या शेजारच्या बाळाच्या पायानं ओढली गेली असणार. काखेत थर्मामीटर लावला, पस्तीसच्याही खाली. मी तो बघतेय तोवर तिचा श्वास थांबला. ओठ निळे झाले. मी डॉक्टरबेनला हाक मारली. त्यांनी तिचा तळवा चोळला, पाठ चोळली, छोट्या पिशवीनं हवा दिली, आणि ती परत श्वास घ्यायला लागली. सगळं मिळून मिनिटभर असेल. मला ते अजून संपलेलं वाटत नाही.

डॉक्टरबेननं विचारलं, "इसका बाहर कोई नहीं है क्या?"

"बाप आहे."

"तो अब तक बिठाया क्यों नहीं?"

हेड सिस्टरनं माझ्याऐवजी उत्तर दिलं. "मदर केअर छे, बेन. फादर केअर नथी."

डॉक्टरबेन थर्मामीटर झटकत म्हणाल्या, "बच्चे को पढ़ना नहीं आता, सिस्टर. बुलाओ उसको."

तू बाहेर त्याच बाकावर होतास. चार तास. मी तुला नळावर नेलं, साबण दिला. तू हात घासलेस, मग कपडे धुवायच्या दगडावर घासलेस, मनगटाची साल निघाली, रंग निघाला नाही. डॉक्टरबेननं हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाल्या, साफ आहेत, रंग जुना आहे, बसव.

मीच बसवलं. तुला खुर्चीत मागे रेलवलं, तिच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे ठेवले, आणि तिला उभंच तुझ्या छातीवर ठेवलं. पाय बेडकासारखे दुमडून, मान एका बाजूला, हनुवटी जरा वर, म्हणजे श्वासाची वाट बंद होत नाही. माझ्या जुन्या सुती ओढणीनं तुम्हा दोघांना बांधलं. तू श्वास रोखून बसलास.

"श्वास घे की," मी म्हटलं.

"ती हलेल."

"हलू दे. तुझी छाती हलली की तिलापण श्वास घ्यायचं लक्षात राहतं."

मग तू श्वास सोडलास. मी दर अर्ध्या तासानं तिचा ताप बघत होते, आणि तू प्रत्येक वेळी डोळे न उघडता विचारायचास, "किती व ताई?" पस्तीस. पस्तीस पाच. छत्तीस एक. सहा वाजायच्या आत तिची पावलं गरम झाली. आमचं मशीन दिवसभर जे करू शकलं नाही, ते एका रंगाऱ्यानं खुर्चीत बसून केलं.

त्यानंतर तू मला विचारलंस. ओरडून नाही, सहज. "ताई, सकाळीच का नाही बसवलं मला?"

मी म्हटलं, "सकाळी ठीक होती रे. नंतर मशीन बिघडलं."

हीच ती चुकीची जागा. इथून पुढे तुझी गोष्ट सुरू व्हायची. "मशीन बिघडलं आणि ताईनं धावत येऊन मला बसवलं, ताईमुळे माझी पोरगी आहे." दर वाढदिवसाला. सगळ्यांसमोर माझ्या तोंडात केकचा पहिला तुकडा घालायचास. मी म्हणायचे, पुरे झालं आता. तुला वाटायचं ताई लाजते. मी आठ वर्षं तो केक खाल्ला, मिल्या.

बावीस दिवस बसलास. मिलमधून निरोप आला, आता परत आलास तरी जागा नाही. तू म्हणालास, बरं. एवढंच. रेखाला शुद्ध आली तरी ती उठू शकत नव्हती, तोवर तूच. पडदा लावला होता कोपऱ्यात, पण बायका वाकून बघायच्या, तोंडावर पदर धरून हसायच्या. चलथाणची एक ऊसतोड करणारी बाई होती शेजारी, तिला जुळं झालेलं. ती हसली नाही. तिनं दोन दिवस बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या सासूला आणून बसवलं, एक बाळ तिच्याकडे, एक सासूकडे. सासू आधी तयार नव्हती. ती तिला तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बाप्या बसतो, तुम्हांला काय झालं." ते मला आत्ता लिहिताना आठवलं, आणि जरा बरं वाटलं. जराच.

तू पोरीशी बोलत बसायचास. आपल्या मिसळलेल्या अहिराणीत. मला वाटलं होतं काही गोड बोलत असशील. जवळ जाऊन ऐकलं तर तू तिला मिलचे रंग सांगत होतास. "सोमवारी राणी चाललं, मंगळवारी मोरपिशी. मोरपिशी लई त्रास देतं, एकसारखं चढत नाही." ती झोपलेली. तुझ्या मानेखाली तिची टोपी, आणि तू तिला मोरपिशीची अडचण समजावून देत होतास.

आणि पाणी प्यायचा नाहीस. उठावं लागेल म्हणून. मी बाटली आणून ठेवायचे, ती तशीच भरलेली असायची. मी रागवायचे. तू म्हणायचास, एकदा उठलं की तिला सोडवा, बांधा, तेवढ्यात ती गार पडेल. मी सांगायचे की पाच मिनिटांत काही होत नाही, मी आहे ना. तुला माझं खरं वाटायचं नाही. वाटलं नाही तेच बरोबर होतं.

रेखाला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं तेव्हा तिनं तिची मुलगी पहिल्यांदा बघितली, ती तुझ्या छातीवर. तू ओढणी सोडलीस आणि तिला रेखाच्या छातीवर ठेवलंस. तुझ्या छातीवर तिच्या गालाचा एक ओला ठसा राहिला होता. तू शर्ट घातला नाहीस बराच वेळ. तसाच उभा राहिलास. त्या क्षणी मला तुझ्याबद्दल इतकं वाटलं, आणि त्याच क्षणी ठरवलं की आता त्या चार तासांचं कधीच सांगायचं नाही. हे दोन्ही एकदम कसं होतं मला माहीत नाही. पण झालं.

मग दुसरी मिल. पांडेसऱ्यातली. तिथे तू रंगखातं सोडून स्टेंटरवर गेलास. ओलं कापड ताणून गरम हवेतून सुकवत नेणारं ते लांबलचक मशीन. मी एकदा डबा द्यायला आले होते, दारातच उभी राहू शकले नाही, आतली हवा तोंडावर आली. तू आत बारा-बारा तास उभा असायचास. हात स्वच्छ झाले म्हणून खूश होतास. प्रज्ञाच्या शाळेत आता लाजायचं कारण नाही म्हणालास.

आणि या मे महिन्यात तो रविवारचा फोन. तू म्हणालास, डोकं गरगरतं, खात्यातला गरम हवा बाहेर काढणारा मोठा पंखा बंद पडलाय, कितीतरी दिवस झाले. मी वॉर्डातून घरी आले होते, दमले होते. मी तुला नर्ससारखं सांगितलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पी, सावलीत बस.

"सावली कुठे शे खात्यात," तू म्हणालास.

"मग तक्रार कर. सगळे मिळून जा शेठकडे."

"तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर उभं करतात, ताई. तुला माहीत नाही का. आणि पाणी पिऊन करू काय, मशीन सोडून जायला कोण देतं?"

"मग नोकरी सोड."

"तू आहेस पक्क्या नोकरीत. तुला बोलायला काय जातं."

मला राग आला. त्याच क्षणी आला, अजून आहे. मी म्हणाले, "मग बस भाजत." आणि फोन ठेवला.

आपलं हे शेवटचं बोलणं. त्यानंतर मी फोन केला नाही, तू केला नाहीस. भावाबहिणीत असं चालतं, दोन दिवसांनी कुणीतरी करतं. बुधवारी दुपारी तुला टेम्पोत घालून माझ्या हॉस्पिटलमध्ये आणलं. तुझ्याबरोबरच्यांना माहीत होतं की याची बहीण इथे सिस्टर आहे. मी वॉर्डातून जिना उतरून धावले तेव्हा तू कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर होतास. डोळे अर्धे उघडे. काहीतरी पुटपुटत होतास, शब्द लागत नव्हते. मी कपाळाला हात लावला आणि हात मागे घेतला. अंग कोरडं होतं. घामाचा थेंब नाही. इतक्या गरम अंगाला मी नोकरीच्या बावीस वर्षांत हात लावला नव्हता.

मी काखेत थर्मामीटर लावला. आकडा आला नाही. नुसता इंग्रजी एच आला. म्हणजे ताप इतका की मशीनच्या मोजण्यापलीकडे. मी काढून पुन्हा लावला, पुन्हा एच. मी डॉक्टरला म्हटलं, "टेम्परेचर लिहा." तो तरुण पोरगा होता, त्याचे हात चालू होते, म्हणाला, "बाद में, सिस्टर." आम्ही बर्फ लावला, ओल्या चादरी टाकल्या, सलाईन सुरू केलं. मी तुझ्या पावलांना हात लावत होते. माझी सवय, मला बाळांची सवय. एका बाळाला मी गार पडू दिलं होतं, आणि आता मला तुला गार करता येत नव्हतं. पाऊण तास. मग त्यांनी मला बाजूला केलं.

कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. हृदय तर सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं. वर त्यांनी लिहिलं, आधीपासून ब्लडप्रेशर होतं असं बरोबरच्यांनी सांगितलं. तुला ब्लडप्रेशर नव्हतं. मीच तपासायचे. तापाच्या रकान्यात काही नाही. कोरा. मिलचा माणूस तोवर येऊन काउंटरपाशी आमच्या मोठ्या साहेबांशी हळू आवाजात बोलत होता. सुधाकरनं, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी रेखाला समजावलं की पोस्टमॉर्टेम कशाला, गेलेल्या माणसाची चिरफाड कशाला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. पुन्हा एकदा मी काही बोलले नाही. ती पोस्टमॉर्टेम नको म्हणून सही करून आली.

तो पंखा चौथ्या दिवशी सुरू झाला, मिल्या. तुझ्याबरोबरच्या एकानं मला सांगितलं. एक मिस्त्री आला, तासाभरात चालू करून गेला. तासाभराचं काम होतं.

विधी झाल्यावर, मॅनेजर गेल्यावर, मांडवातल्या खुर्च्या उचलून झाल्यावर मी रेखाशेजारी ओट्यावर बसले आणि तिला ते चार तास सांगितले. सगळं. पोस्टर, बाक, माझी लाज, मशीनचं खोटं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला जवळ घेईल. तिनं दोन्ही केलं नाही.

"त्यांनी मला एकदा विचारलं होतं," ती म्हणाली. "की ताई माझ्यावर चिडते का नेहमी, केक देताना. मी म्हटलं, नाही हो, ताईंचा स्वभावच तसा आहे."

"रेखा—"

"तेव्हा तुम्ही बघून गप्प बसलात. बुधवारीपण तुम्हीच बघितलं ना? तो एच. की मी ऐकलं ते खोटं?"

"खरं आहे."

"मग?"

एवढंच म्हणाली आणि आत गेली. दार लोटून घेतलं. मी ओट्यावर बसून राहिले. मला तिचा राग आला, आणि मग लक्षात आलं की ती माझ्याशी तसं बोलली जसं तू एकदा तरी बोलायला हवं होतंस.

रेखानं कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयात अर्ज दिला. मी तिच्याबरोबर गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं की त्या दिवशी अंगाचं तापमान कुणी बघितलं, हॉस्पिटलच्या कागदावर तर नाही. मी म्हटलं, मी बघितलं. दोनदा. लिहून देते. मराठीत लिहू लागले, त्यानं गुजरातीत मागितलं, गुजरातीत लिहिलं. वेळ, काखेत लावल्याचं, कोरडं अंग, बरळणं, सगळं. वॉर्डात जसं लिहितो तसं. शेवटी सही केली आणि खाली माझा नर्सिंगचा नोंदणी क्रमांक टाकला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं. "बहीण म्हणून लिहिलंस की सिस्टर म्हणून?" मी म्हटलं, ज्या हातानं थर्मामीटर लावला त्याच हातानं लिहिलं. त्यांनी मला नवजात वॉर्डातून काढून चादरी-कपड्यांच्या खात्यात टाकलं. आता मी धुऊन आलेल्या चादरी मोजते. बाळं नाहीत. हेड सिस्टर मला जिन्यात भेटली, बोलली नाही, पण हात दाबून गेली. तिचंही मला आता काही कळत नाही.

चौकशी चालू आहे. काय होईल सांगता येत नाही. मिलवाले म्हणतात बहीण आहे, बोलणारच. तुझ्याबरोबरचे तिघे आधी साक्ष द्यायला तयार होते, त्यातले दोघे आता फोन उचलत नाहीत. एक उचलतो. सुधाकर नाही, दुसराच. मला त्या दोघांचा राग यायला हवा, येतो पण. मग मला तो बाक आठवतो आणि मी त्यांना पुन्हा फोन लावते.

परवा प्रज्ञाचा वाढदिवस होता. केक नव्हता. रेखानं शिरा केला. पोरीनं मला विचारलं, "आत्या, बाबांची गोष्ट आता तू सांगणार का?" मी सांगितली. खरी. रेखा दारात उभी राहून ऐकत होती. प्रज्ञानं मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे बाबा बाहेर बसले होते आणि मी आत थंड होते?"

"हो."

"तुझ्यामुळे?"

"हो."

ती नऊ वर्षांची झाली, तुझ्यासारखी नाही. उठून रेखाकडे गेली, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. शिराही माझ्या हातून घेतला नाही. घरी येताना रिक्षात मला वाटलं, चला, तुझ्या घरात कुणीतरी रागवायला शिकतंय.

तुझी माफी मी मागणार नाही, मिल्या. मला माहीत आहे तू काय म्हणशील. तोंडातला घास न थांबवता म्हणशील, "जाऊ दे ताई." सगळ्यांना म्हणायचास. मिलला, सुधाकरला, मला. मी उद्या पुन्हा त्या कार्यालयात जाणार आहे, माझ्यापुढे चादरींचा ढीग असला तरी रजा टाकून. तू काहीही म्हण. मी जाऊ देणार नाही.